जुना फिल्म कॅमेरा आणि घरची डार्करूम : काय, कोणत्या क्रमाने आणि कसे पारखून घ्यावे

फिल्मवर छायाचित्रण शिकू लागलेल्या माणसाला फोटो बिघडल्याचा त्रास होतोच. पण तो नेमका कशामुळे बिघडला हे न कळण्याचा त्रास त्याहून मोठा असतो. निगेटिव्ह फिकी आली तर शटर (फिल्मवर ठरावीक वेळ प्रकाश पडू देणारी झडप) ठरल्यापेक्षा वेगाने चालत असेल, मीटर (प्रकाश मोजणारी यंत्रणा) चुकीचे सांगत असेल, डेव्हलपर (चित्र उमटवणारे रसायन) थंड किंवा शिळा असेल, नाहीतर फिल्मच जुनी असेल. कॅमेरा, फिल्म डेव्हलप करण्याचा टँक, रसायने आणि निगेटिव्हवरून कागदावर मोठे चित्र काढणारा एन्लार्जर असा सगळा जुना संच एकाच वेळी घरी आणला, तर या शक्यता एकमेकींत इतक्या गुंततात की बरेच जण तिथेच हा नाद सोडतात. म्हणून या लेखात सुचवलेला क्रम एका साध्या नियमावर बेतला आहे : एका वेळी एकच अनोळखी वस्तू हाती घ्यावी आणि बाकीच्या गोष्टी खात्रीच्या असाव्यात. आधी कॅमेरा घ्यावा, त्यात ताजी फिल्म घालावी आणि ती प्रयोगशाळेत डेव्हलप करून घ्यावी. कॅमेऱ्यावर भरवसा बसला की टँक आणि रसायने आणावीत. चांगल्या निगेटिव्ह हातात आल्या की मगच एन्लार्जर पाहावा.

पहिला कॅमेरा कोणता

पहिला कॅमेरा ३५ मिलिमीटर फिल्मचा, एका भिंगाचा, आरसा असलेला म्हणजे एसएलआर प्रकारचा आणि पूर्ण यांत्रिक शटरचा असावा. या प्रकारात भिंगातून जे दिसते तेच फिल्मवर उतरते, त्यामुळे फोकसचे दोष डोळ्यांना लगेच कळतात. यांत्रिक शटर सेलशिवाय चालते आणि सेल लागतो तो फक्त मीटरला, त्यामुळे मीटर बंद पडला तरी कॅमेरा वापरता येतो. पेंटॅक्स के१००० (१९७६ ते १९९७), निकॉन एफएम (१९७७), एफएम२ (१९८२), ऑलिंपस ओएम-१ आणि मिनोल्टा एसआरटी-१०१ (१९६६) हे सगळे याच जातीचे आहेत. के१००० ला मीटर बंद करण्याचे वेगळे बटण नाही, भिंगावर झाकण घातले की मीटर शांत होतो. ही सवय लावून घेतली नाही तर सेल बॅगेतच संपतो. या कॅमेऱ्याचे नाव फार झाले आहे आणि त्या नावाचेही पैसे मोजावे लागतात. त्यामुळे त्याच कंपनीचे त्याच माउंटचे (भिंग बसवण्याच्या जोडणीचे) कमी प्रसिद्ध कॅमेरे पाहायला हरकत नाही.

कॅनन एई-१ (१९७६) हा कॅमेराही लोकप्रिय आणि चांगला आहे, पण त्याचे शटर विजेवर चालते. सहा व्होल्टचा सेल नसेल तर तो उघडझाप करत नाही आणि आतले सर्किट गेले तर दुरुस्ती करणारा मिळणे कठीण जाते. त्याच्या एफडी माउंटच्या भिंगांचा वंश १९८७ मध्ये ईओएस मालिका आल्यावर थांबला, त्यामुळे ती आता जुन्या बाजारातच मिळतात. असा कॅमेरा घेऊच नये असे नाही; तो दुसरा असावा. माउंटचा विचार मात्र पहिल्याच दिवशी करावा, कारण कॅमेरे बदलले तरी भिंगे आपल्याकडे राहतात. निकॉनमध्ये १९७७ च्या आधीची, मीटरशी जुन्या पद्धतीने जोडली जाणारी भिंगे एफएमवर चढतात. एफएम२ वर ती चढवू नयेत.

साठ-सत्तरच्या दशकांतल्या ओएम-१, एसआरटी-१०१ अशा अनेक कॅमेऱ्यांचे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेले होते आणि ते सेल आता मिळत नाहीत. त्या जागी १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल बसतो, पण मीटर चुकीचे वाचन देतो आणि सेल उतरत जाईल तशी चूकही बदलत जाते. श्रवणयंत्राचे झिंक-एअर सेल सुमारे १.४ व्होल्ट देतात आणि बरेच अचूक चालतात, पण त्यांच्यावरची चिकटपट्टी काढल्यावर ते काही आठवड्यांत संपतात. हातातला स्वतंत्र मीटर किंवा फोनवरचे मीटरचे ॲप वापरले तर हा प्रश्नच उरत नाही.

दोन भिंगांचे, वरून पाहायचे टीएलआर आणि वेगळ्या खिडकीतून पाहून फोकस जुळवायचे रेंजफाइंडर हे प्रकार मोहक असतात. यॅशिका-मॅट १२४जी सारख्या टीएलआरमध्ये १२० मापाच्या रुंद रोलवर ६ × ६ सेंटिमीटरची १२ चित्रे येतात आणि त्या निगेटिव्हचा थाट वेगळाच असतो. पण प्रत्येक जातीची आपली एक खोड असते. सोव्हिएत बनावटीच्या झोर्की-४ सारख्या कॅमेऱ्यात शटर भरण्याआधी (कळ फिरवून ते ताणण्याआधी) वेग बदलला तर यंत्रणा बिघडू शकते, आणि विकणारा हे सांगेलच असे नाही. घडीच्या कॅमेऱ्यात भात्याच्या कोपऱ्यांना सुईएवढी भोके पडलेली असतात. हे प्रकार पहिल्या कॅमेऱ्यानंतर हाताळावेत.

हातात घेऊन तपासणी

कॅमेरा पाहायला जाताना छोटी टॉर्च, योग्य मापाचा नवा सेल आणि शक्य असेल तर वाया गेलेल्या फिल्मचा एक तुकडा बरोबर न्यावा. तपासणीत घाई करू नये, आणि कोणतीही कळ अडली तर ती जोर लावून हलवू नये. यांत्रिक कॅमेऱ्यातली अडलेली कळ बहुधा आत काहीतरी अडकल्याची खूण असते. सेल्फ-टायमरला हात न लावणेच शहाणपणाचे, कारण वर्षानुवर्षे न वापरलेला टायमर अर्ध्यात थांबला की शटरही त्याच्याबरोबर अडकून बसते.

सर्वांत आधी मागचे झाकण उघडावे. दाराच्या खाचांत आणि आरशाच्या वर काळा स्पंज असतो. तो काळाने विरघळतो आणि डांबरासारखा चिकट होतो. हा दोष जवळजवळ प्रत्येक जुन्या कॅमेऱ्यात सापडतो आणि तयार कापलेल्या पट्ट्या आणून घरीच दुरुस्त करता येतो, म्हणून त्यासाठी कॅमेरा नाकारू नये. किंमत कमी करून घ्यायला मात्र तो उपयोगी पडतो. सेलच्या खोबणीत हिरवा किंवा पांढरा थर दिसला तर तो फक्त वरवर आहे की खालच्या तारेपर्यंत गेला आहे हे पाहावे. वरवरचा थर व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने निघतो, कुजलेली तार त्याने बरी होत नाही.

मग शटर पाहावे, कारण कॅमेऱ्याचा जीव त्यातच असतो. दार उघडे ठेवून, भिंग काढून, सर्वांत कमी वेगापासून सुरुवात करावी. एक सेकंदाच्या वेगाला आतली घड्याळी यंत्रणा अखंड आणि सारख्या लयीत ऐकू आली पाहिजे. ती अडखळत असेल किंवा मध्येच थांबत असेल तर तेल सुकले आहे असे समजावे. पुढे प्रत्येक वेग आधीच्या वेगापेक्षा कानाला स्पष्टपणे छोटा वाटला पाहिजे. सर्वांत मोठ्या वेगासाठी, म्हणजे बहुधा १/१००० साठी, कान पुरत नाहीत. कॅमेऱ्याचे तोंड उजळ आकाशाकडे किंवा प्रकाशलेल्या भिंतीकडे करून मागून पाहावे. क्षणभर संपूर्ण चौकट उजळलेली दिसली पाहिजे. एक बाजू काळी राहत असेल तर शटरच्या दोन पडद्यांपैकी मागून येणारा दुसरा पडदा पहिल्याला गाठतो आहे, आणि त्या वेगाने काढलेल्या प्रत्येक चित्राची ती बाजू कोरी येईल. कापडी पडद्यावर अंधाऱ्या खोलीत समोरून टॉर्च मारली की भोके ताऱ्यांसारखी चमकतात. धातूच्या पातींवर तेलाचे डाग किंवा बोटाने पडलेला दाब दिसला तर तो कॅमेरा खाली ठेवावा. तपासताना आपणही पडद्याला बोट लावू नये.

भिंगाची तपासणी टॉर्चशिवाय होत नाही. दोन्ही झाकणे काढून, ॲपर्चर (भिंगातले प्रकाशाचे लहानमोठे होणारे छिद्र) पूर्ण उघडून, मागून तिरपा उजेड टाकावा आणि समोरून पाहावे. धुळीचे काही कण आत असतातच आणि चित्रावर त्यांचा परिणाम होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे. तिने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर साफसफाईनेही तो परत येत नाही. सगळीकडे सारखा धुरकट थर असेल तर उजेडाच्या विरुद्ध घेतलेली चित्रे फिकी येतील. काचांच्या कडेला इंद्रधनुषी पट्टे म्हणजे दोन काचा जोडणारा डिंक सुटू लागला आहे. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा खपून जातो, पण मागच्या काचेवरचा ओरखडा चित्रात जास्त जाणवतो. काही जुन्या भिंगांच्या काचेत थोरियम आहे आणि ती पिवळी पडलेली दिसतात. ती अतिनील प्रकाशात काही दिवस ठेवली की पिवळेपणा बराच कमी होतो. शेवटी ॲपर्चर एफ/१६ वर ठेवून मागची छोटी दांडी हलवावी. पाती झटकन मिटल्या आणि उघडल्या पाहिजेत. त्या सुस्त असतील तर त्यांवर तेल आले आहे आणि प्रत्येक चित्र ठरवल्यापेक्षा जास्त उजळ होईल.

प्रत्यक्ष न पाहता घ्यायचा असेल तर वर्णन काळजीपूर्वक वाचावे. ‘तपासलेला नाही’ असे लिहिलेला कॅमेरा बंद आहे असे गृहीत धरूनच भाव ठरवावा. सेल घालून बटण दाबण्याइतका वेळ विकणाऱ्याला मिळाला नाही हे पटण्यासारखे नाही. भिंग काढून शटरचा आणि टॉर्च लावून भिंगाचा फोटो मागावा, आणि परत करण्याची मुभा आहे का हे लेखी विचारावे. पूर्ण सर्व्हिसिंगचा खर्च कित्येकदा कॅमेऱ्याच्या किमतीइतका होतो. म्हणून जाणत्या कारागिराने सर्व्हिसिंग करून हमीसह दिलेला महाग कॅमेरा शेवटी स्वस्त पडतो, असे माझे मत आहे.

पहिला रोल

पहिल्या रोलसाठी मुदत न संपलेली, आयएसओ ४०० ची (आयएसओ म्हणजे फिल्मच्या प्रकाशसंवेदनशीलतेचे माप) कृष्णधवल फिल्म घ्यावी; कोडॅक ट्राय-एक्स किंवा इलफर्ड एचपी५ प्लस या दोन्ही चुका पोटात घालणाऱ्या आहेत. जुन्या फिल्मचे धूसर, दाणेदार रूप अनेकांना आवडते, पण कॅमेऱ्याची परीक्षा घेताना ती वापरणे म्हणजे आणखी एक अनोळखी गोष्ट आत घेणे होय. फिल्म भरल्यावर डावीकडचा गुंडाळण्याचा खुंटा हलकेच फिरवून ढिलाई काढावी आणि फिल्म पुढे सरकवण्याची कळ ओढताना तो खुंटा उलटा फिरतो का ते पाहावे. तो फिरत नसेल तर फिल्म पुढे सरकत नाही, मग मोजणी काहीही दाखवो. रोल संपला की तळाचे छोटे बटण दाबूनच फिल्म परत गुंडाळावी. घाईत दार उघडले तर सारे जाते.

मीटर खरे सांगतो का हे पाहण्यासाठी उन्हाचा जुना नियम पुरेसा आहे : लख्ख उन्हात ॲपर्चर एफ/१६ ठेवले तर शटरचा वेग फिल्मच्या आयएसओच्या व्यस्त संख्येएवढा असावा, म्हणजे आयएसओ ४०० ला सुमारे १/५००. कॅमेऱ्याचे उत्तर याच्या जवळपास आले पाहिजे. शंका असेल तेव्हा कृष्णधवल निगेटिव्हला थोडा जास्त प्रकाश द्यावा, कारण सावलीतला जो तपशील फिल्मवर नोंदलाच गेला नाही तो पुढे कोणत्याही उपायाने मिळत नाही. प्रत्येक चित्राचा वेग आणि ॲपर्चर वहीत लिहून ठेवावे. विमान प्रवासात सीटी पद्धतीच्या नव्या तपासणी यंत्रांनी फिल्म धुरकटते, म्हणून ती हाताने तपासण्याची विनंती करावी.

प्रयोगशाळेतून आलेली पट्टी वाचण्याची एक युक्ती सगळ्यात जास्त कामाची आहे. फिल्मच्या कडेला कारखान्यातच उमटवलेली अक्षरे आणि आकडे असतात, आणि त्यांचा तुमच्या कॅमेऱ्याशी काही संबंध नसतो. ही अक्षरे ठसठशीत आणि चित्रे फिकी असतील तर दोष कॅमेऱ्यात किंवा मीटरमध्ये आहे. अक्षरेही फिकी असतील तर दोष डेव्हलपिंगमध्ये आहे. काळे पट्टे चित्राबाहेर, भोकांच्या रांगेपर्यंत पसरले असतील तर उजेड दारातून शिरतो आहे. ते चित्राच्या चौकटीतच थांबत असतील तर संशय शटरच्या पडद्यावर जातो.

घरी डेव्हलपिंग

यासाठी डार्करूम लागत नाही. टँक, त्यात फिल्म गुंडाळून ठेवायचे रील, थर्मामीटर, मापाची भांडी, घड्याळ, क्लिपा आणि बाह्या असलेली काळी पिशवी एवढ्यावर भागते. वापरलेला टँक घेताना मधली काळी नळी आहे ना ते आवर्जून पाहावे. पॅटर्सनसारख्या टँकमध्ये तिच्याशिवाय झाकण प्रकाशबंद होत नाही, आणि जुन्या टँकमधून नेमकी तीच हरवलेली असते. वाया गेलेली फिल्म आधी उजेडात, मग डोळे मिटून रीलवर चढवण्याचा सराव करावा. प्लास्टिकचे रील पूर्ण कोरडे हवे, नाहीतर फिल्म अडकते. खरी फिल्म चढवताना लाल दिवाही चालत नाही, कारण आजच्या कृष्णधवल फिल्म जवळजवळ सगळ्याच रंगांना प्रतिसाद देतात.

डेव्हलपर म्हणून कोडॅक डी-७६ किंवा त्याच्या तोडीचे इलफर्ड आयडी-११ घ्यावे. एचपी५ प्लस आयएसओ ४०० वर वापरली असेल तर २० अंश सेल्सियसला आयडी-११ मूळ द्रावणात साडेसात मिनिटे, आणि समभाग पाणी मिसळून १३ मिनिटे हा इलफर्डने दिलेला वेळ आहे. समभाग पाणी मिसळलेले द्रावण एकदाच वापरून टाकून देता येते, त्यामुळे प्रत्येक वेळी ताकद सारखी राहते. शिकणाऱ्याला हेच सोयीचे. पहिल्या १० सेकंदांत टँक चार वेळा उलटासुलटा करावा, बुडबुडे सुटावेत म्हणून ओट्यावर हलकेच आपटावा आणि पुढे दर मिनिटाच्या सुरुवातीला चार वेळा उलटावा. हलवण्याची पद्धत प्रत्येक रोलला तीच ठेवावी. पाणी गरम असेल तर टँक आणि बाटल्या बर्फ घातलेल्या घमेल्यात ठेवून तापमान आणावे. तापमानाबरोबर वेळ घटवता येतो, पण तो पाच मिनिटांच्या खाली गेला की डेव्हलपिंग असमान होऊ लागते.

त्यानंतर अर्धा मिनिट स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारे द्रावण) आणि मग फिक्सर (चित्र टिकाऊ करणारे द्रावण). फिक्सरचा दम पाहण्यासाठी फिल्मच्या सुरुवातीचा कापलेला तुकडा उजेडातच त्यात टाकावा आणि तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजावे. त्याच्या किमान दुप्पट वेळ फिल्म फिक्स करावी. धुण्यासाठी टँकमध्ये त्याच तापमानाचे पाणी भरून पाच वेळा उलटावे, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. नळाखाली अर्धा तास सोडण्याची गरज राहत नाही. शेवटी वेटिंग एजंटचे (पाण्याचे डाग पडू न देणाऱ्या द्रवाचे) काही थेंब घातलेल्या पाण्यातून काढून, धूळ नसलेल्या न्हाणीघरात खाली वजनाची क्लिप लावून फिल्म टांगावी.

एन्लार्जर आणि कागद

एन्लार्जर अवजड असतो आणि अनेकांना तो घरातून काढायचा असतो, त्यामुळे कित्येकदा तो कॅमेऱ्यापेक्षा सहज मिळतो. म्हणूनच मिळेल तो उचलू नये. खांब वर करून डोके हलकेच ढकलावे. ते थरथरत राहिले तर प्रत्येक प्रिंट मऊ येईल. आपल्या मापाचा निगेटिव्ह कॅरिअर (निगेटिव्ह धरणारी चौकट) आणि लेन्स बोर्ड (भिंग बसवायची पाटी) सोबत आहेत का, त्या जातीचा बल्ब अजून मिळतो का, आणि फिल्टर ठेवण्याची जागा आहे का, हे विचारावे. बंद पडलेल्या मॉडेलचा एक सुटा कॅरिअर शोधण्यात महिने जातात. जुनी वायर बिनदिक्कत बदलून घ्यावी. ३५ मिलिमीटरसाठी ५० मिलिमीटरचे आणि ६ × ६ साठी ७५ किंवा ८० मिलिमीटरचे भिंग लागते. एल-निक्कोर, रोडागॉन आणि कॉम्पोनॉन-एस ही नावे भरवशाची आहेत. त्यांतही बुरशी होते, म्हणून टॉर्च इथेही लागते.

खोलीत वाहते पाणी असणे आवश्यक नाही. अंधार मात्र हवा. दिवा बंद करून पाच मिनिटे बसावे आणि फटी बुजवाव्यात. एन्लार्जर आणि कागद कोरड्या बाजूला, ट्रे ओल्या बाजूला, आणि ओले हात कधीही कोरड्या बाजूला न्यायचे नाहीत. विजेच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे. सेफलाइटची (कागदावर परिणाम न करणाऱ्या मंद रंगीत दिव्याची) परीक्षा अशी : कागदाला एन्लार्जरखाली अगदी फिकट राखाडी येईल इतका प्रकाश द्यावा, त्यावर नाणे ठेवून सेफलाइटखाली पाच मिनिटे ठेवावा आणि डेव्हलप करावा. नाण्याची आकृती दिसली तर दिवा दूर न्यावा किंवा बदलावा. एन्लार्जरबरोबर फुकट मिळालेली कागदाची जुनी पाकिटे बहुधा धुरकटलेली असतात. शिकण्यासाठी ताजा कागदच घ्यावा.

सुरुवातीला प्लास्टिकचा थर असलेला आरसी प्रकारचा मल्टिग्रेड कागद घ्यावा, म्हणजे एन्लार्जरला रंगीत फिल्टर लावून चित्रातला काळ्या-पांढऱ्याचा फरक कमीजास्त करता येणारा. फिल्टर क्रमांक २ लावून कागदाच्या पट्टीवर पाच-पाच सेकंदांच्या वाढत्या पायऱ्या द्याव्यात. वेळ ठरवताना फक्त उजळ भाग पाहावा, ज्या पायरीत पांढऱ्यात जेमतेम तपशील येतो ती निवडावी. मग काळे भाग पाहून फिल्टर बदलावा. ते राखाडी असतील तर वरचा क्रमांक, गिळले गेले असतील तर खालचा. नवखे माणूस दोन्ही गोष्टी एकदम बदलते आणि कागद संपवते. डेव्हलपरमध्ये पूर्ण एक मिनिट, स्टॉप बाथमध्ये १० सेकंद, ताज्या जलद फिक्सरमध्ये अर्धा मिनिट आणि वाहत्या पाण्यात दोन मिनिटे एवढे या कागदाला पुरते. चित्र लवकर काळे झाले म्हणून डेव्हलपरमधून ओढून काढू नये. वेळ एन्लार्जरवर कमी करावा. लाल उजेडात प्रिंट नेहमी गडद भासते, म्हणून निर्णय पांढऱ्या दिव्याखालीच घ्यावा. फायबर कागद अधिक देखणा असतो, पण तो खूप वेळ धुवावा लागतो आणि वाळताना गुंडाळतो. तो नंतर.

रसायने आणि साठवण

डेव्हलपरमधल्या मेटॉल आणि हायड्रोक्विनोनमुळे काहींच्या त्वचेला कायमची ॲलर्जी होते, म्हणून चिमटे आणि हातमोजे पहिल्या दिवसापासून वापरावेत. पूड विरघळवताना ती श्वासात जाऊ देऊ नये आणि खोलीत हवा खेळती ठेवावी. तीव्र ॲसिड नेहमी पाण्यात घालावे, पाणी ॲसिडमध्ये नव्हे. स्वयंपाकाचे एकही भांडे इथे आणू नये, आणि प्रत्येक बाटलीवर नाव व तारीख लिहून ती मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. वापरलेल्या फिक्सरमध्ये फिल्मची चांदी उतरलेली असते; ते मोरीत न ओतता साठवून चांदी काढून घेणाऱ्या प्रयोगशाळेला किंवा घातक कचऱ्याच्या केंद्राला द्यावे.

कॅमेरा ठेवताना शटर भरलेले ठेवू नये आणि बराच काळ वापर होणार नसेल तर सेल काढावा. दमट हवेत कातडी पिशवी बुरशीला आमंत्रण देते, त्यापेक्षा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह कॅमेरा बरा राहतो. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येते. निगेटिव्ह सहा-सहाच्या पट्ट्यांत कापून पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत ठेवाव्यात आणि पाकिटावर कॅमेरा, फिल्म, डेव्हलपर, तापमान आणि वेळ लिहावी. पुढचा रोल वेगळा आला तर काय बदलले होते हे तिथेच सापडते.